जुन्या काट्याची साक्ष

वाण्याच्या तराजूचा काटा मध्यावर उभा राहिला म्हणजे गिऱ्हाईक निश्चिंत होते. वजनांवर सरकारी छाप उमटलेली आहे, आणि ती छाप मारणाऱ्या इन्स्पेक्टराजवळची वजने वाण्याच्या वजनांपेक्षा अधिक खरी आहेत, असे ते मनोमन धरून चालते. त्या इन्स्पेक्टराची वजने कोणी तपासली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर एकेक पायरी चढत आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन पोचतो. आणि तेथेही तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. मापणाऱ्याचे माप कोणी घ्यायचे?

वजनाच्या बाबतीत निदान डोळ्यांचा आधार असतो. शेरभर तांदूळ आणि सव्वाशेर तांदूळ यांतला फरक हातालाही कळतो. विजेच्या दाबाचे तसे नाही. तारेत दोनशे तीस व्होल्ट आहेत की दोनशे चाळीस, हे पाहून, हुंगून वा ऐकून कोणालाही सांगता यायचे नाही. आणि हात लावून पाहण्याची परीक्षा एकदाच देता येते. तेव्हा सगळी भिस्त व्होल्टमीटरच्या काट्यावर. आता हा व्होल्टमीटर पन्नाससाठ वर्षांपूर्वीचा असला, ज्या कंपनीने तो घडविला तिने त्याचे सुटे भाग करणेही केव्हाच सोडून दिलेले असले, तर त्याच्या सांगण्याला किती किंमत द्यावी? असली जुनी, एकेकाळची फार नामांकित यंत्रे आजही कॉलेजांच्या प्रयोगशाळांत, कारखान्यांच्या तपासणीखात्यांत आणि हौशी मंडळींच्या टेबलांवर नांदत आहेत. काहींच्या मते ती भंगाराच्या लायकीची. काहींच्या मते तसली पुन्हा होणे नाही. दोन्ही मते न तपासता दिलेली आहेत. खरे उत्तर हवे असेल तर व्होल्ट मोजण्याच्या विद्येचा इतिहासच थोडा चाळावा लागेल.

एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून गिऱ्हाइकांना वीज पुरवायला सुरुवात केली. घरोघर दिवे लागले आणि दाबाचा प्रश्न प्रयोगशाळेतून उठून व्यवहारात आला. आपल्या ओळखीचा तो पिवळा तारेचा बल्ब घ्या. दाब शेकडा पाच वाढला तर तो शेकडा अठराच्या आसपास जास्त उजेड देतो, पण त्याचे आयुष्य मात्र जवळजवळ निम्म्यावर येते. दाब कमी झाला तर दिवा पुष्कळ दिवस टिकतो, पण मिणमिणतो. म्हणजे वीजघरातल्या व्होल्टमीटरचा काटा शेकडा पाचाने खोटे बोलला, तर सबंध गावाचे दिवे अकाली मरावयाचे किंवा सबंध गावाने अंधुक उजेडाचे पैसे मोजावयाचे. काटा कोणाच्या बाजूने चुकतो, यावर पैसा कोणाच्या खिशातून जायचा हे ठरू लागले. अचूकपणा ही पंडितांची हौस राहिली नाही. ती न्यायाची बाब झाली.

एकाच दिशेने वाहणारी वीज, जिला लोक डी. सी. म्हणतात, मोजण्याचा उत्तम काटा १८८८ साली एडवर्ड वेस्टन याने बाजारात आणला. हा १८५० साली इंग्लंडात जन्मलेला मनुष्य; विसाव्या वर्षी अमेरिकेत गेला आणि न्यूअर्क गावी त्याने आपली कंपनी काढली. त्याच्या यंत्रात नालाच्या आकाराचे कायम चुंबक, त्याच्या दोन टोकांच्या मध्ये हलकेच फिरणारे तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला जोडलेला काटा, एवढाच संसार होता. पण त्या काळच्या चुंबकांना एक खोड असे. नवे असताना ती जोरदार, आणि महिने लोटत तसतशी ती निस्तेज होत जात. चुंबक निस्तेज झाले की काटा कमी सांगणार. वेस्टनने काय केले, तर नवे चुंबक मुद्दाम तापवून आणि त्याचे थोडे चुंबकत्व आपणहून काढून घेऊन त्याला अगोदरच म्हातारे केले. जी घसरण पुढे वर्षानुवर्षे व्हायची ती कारखान्यातच उरकून घेतली. उरलेले चुंबकत्व थोडे कमी असे, पण ते पुढे ढळत नसे. आपल्या स्वयंपाकघरात लोणच्याला आपण हेच करतो. कालचे लोणचे ताजे असते, पण त्याच्या चवीचा भरवसा नसतो. मुरलेल्या लोणच्याची चव बदलत नाही.

अचूक मापनाच्या विद्येतले पहिले सूत्र येथे हाती लागते. यंत्राला वय झाल्याने बाध येत नाही. बाध येतो तो वयाने होणारा बदल थांबलेला नसल्याने. नवीनपणा हा काही खरेपणाचा पुरावा नव्हे. मुरणे आणि सडणे यांतला फरक मात्र पारखावा लागतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

*

पण वेस्टनचा हा सुंदर काटा एका कामाला निरुपयोगी होता. पर्ल स्ट्रीटची डी. सी. वीज मैल दोन मैलांपलीकडे नेणे परवडत नसे. दूरवर नेता येईल अशी वीज म्हणजे दिशा सतत बदलणारी प्रत्यावर्ती वीज, लोकांच्या भाषेत ए. सी. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास वेळा जाऊन येते, अमेरिकेत साठ वेळा. नायगाऱ्याच्या धबधब्याची वीज १८९६ साली बफेलो शहराला गेली ती ए. सी.; आणि १९१५ साली घाटावरचे पाणी खोपोलीच्या पायथ्याशी पाडून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही याच जातीची.

ही वीज मोजायची कशी? नागपंचमीचा झोका डोळ्यांपुढे आणा. तो पुढे जातो तितकाच मागे येतो. त्याची सरासरी जागा काढली तर ती ठीक मध्यभागी, जणू झोका हललाच नाही. वेस्टनच्या यंत्राला ए. सी. जोडली की तेच होते. काटा उजवीकडे जावे की डावीकडे, या संभ्रमात जागच्या जागी थरथरतो आणि शून्य दाखवितो. शून्य दाखविणाऱ्या त्या काट्याखालची तार मात्र माणसाचा प्राण घेऊ शकते.

यातून सुटका बीजगणिताने केली. शाळेत आम्ही मुलांना घोकवितो की ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, आणि मुले मान डोलावून मनात म्हणतात, याचा उपयोग काय? उपयोग हा. दिशा कोणतीही असो, जो परिणाम प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतो तो उलट्या प्रवाहातही उलटत नाही. असे परिणाम निसर्गात आहेत. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात एकाच प्रवाहाची दोन वेटोळी समोरासमोर ठेवून त्यांच्यातला जोर मोजणारे यंत्र केले. दोन्हींतली दिशा एकदम बदलते, म्हणून जोर तसाच राहतो. लोखंडाचा तुकडाही वेटोळ्याकडे ओढला जातो तो दिशा न विचारता. आणि सर्वांत साधा परिणाम म्हणजे उष्णता. मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स जूल याने १८४१ साली दाखवून दिले की तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. आणि प्रवाह आला की गेला याच्याशी उष्णतेला कर्तव्य नाही. झोका कुठे आहे हे ती पाहत नाही. झोका घेणाराला किती घाम आला तेवढे पाहते.

फिलिप कार्ड्यू नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनियराने १८८३ साली या घामावरच आपला व्होल्टमीटर उभारला. लांब नळीत प्लॅटिनम व चांदी यांच्या मिश्रणाची केसासारखी बारीक तार ताणून ठेवलेली. दाब लावला की तार तापते, तापली की लांबते, लांबली की चक्र फिरते आणि काटा सरकतो. यंत्र आळशी होते, खादाड होते, खोलीतल्या उष्म्यानेही त्याचा शून्य सरकत असे, आणि जरा जास्त दाब लागला की तार जळून जाई. पण त्याच्यात एक गुण असा होता की तो पुढच्या शंभर वर्षांना पुरला. डी. सी.चे शंभर व्होल्ट आणि ए. सी.चे शंभर व्होल्ट ते एकाच काट्याने, एकाच आकड्यावर दाखवीत असे. किंबहुना ए. सी.चे शंभर व्होल्ट म्हणजे काय याचा अर्थच त्यातून ठरला: तेवढ्याच डी. सी.इतकी उष्णता देणारा दाब. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, तेव्हा प्रत्येक हेलकाव्यात ती ३२५ व्होल्टच्या शिखराला शिवून येत असते. २३० हा तिच्या कष्टाचा आकडा आहे, तिच्या उडीचा नव्हे.

*

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. स्वामी विवेकानंदांच्या सप्टेंबरातील भाषणामुळे ते साल आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, स्वामीजींच्या भाषणाआधी काही आठवडे, ऑगस्टमध्ये तेथे जगातल्या विद्युत्‌शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. वयोवृद्ध हेल्महोल्ट्झ तिला हजर होते. आपापल्या देशातले वेगवेगळे व्होल्ट टाकून सर्व जगाने एकच व्होल्ट मानावा, असे तिथे ठरले. तो कशाने ठरवायचा? लॅटिमर क्लार्कच्या विद्युत्‌घटाने. पारा आणि जस्त यांच्या या घटाचा दाब १५ अंश उष्णतेला १.४३४ व्होल्ट धरावा, असा निर्णय झाला.

यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रदर्शनाचे दिवे वेस्टिंगहाउस कंपनीच्या ए. सी. विजेवर लखलखत होते, आणि त्या उजेडात बसून विद्वानांनी व्होल्ट ठरविला तो डी. सी. देणाऱ्या घटाने. दुसरा इलाजही नव्हता. बाटलीत भरून कपाटात ठेवता येईल असा ए. सी.चा नमुना निसर्गात नाही. दिवे एका विजेचे, माप दुसऱ्या विजेचे; आणि त्या दोहोंना जोडणारा पूल एकच, उष्णतेचा. अचूक ए. सी. व्होल्टमीटरांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा पूल बळकट करण्याची हकीकत आहे.

क्लार्कच्या घटाची गादी वेस्टननेच घेतली. त्याने कॅडमियम आणि पारा यांचा घट केला, आणि त्याचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा, दोन काचनळ्या मधोमध जोडलेल्या. १९११ सालापासून सर्व जगाने तोच प्रमाण मानला: २० अंशांना १.०१८३ व्होल्ट. या घटाचे सोवळे फार कडक. त्याच्यातून प्रवाह म्हणून घ्यायचा नाही. नुसती तुलना करायची. त्याला हलवायचे नाही, कलंडवायचे नाही. उष्णता एका अंशाने वाढली तर त्याचा दाब सुमारे चाळीस दशलक्षांश व्होल्टने उतरतो, म्हणून त्याला तेलाच्या कुंडात स्थिर उष्णतेत बसवायचे. निरनिराळ्या राष्ट्रांचे घट एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी पॅरिसजवळ सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय मापनसंस्थेत न्यावे लागत, तेव्हा ती काच तान्ह्या मुलासारखी सांभाळावी लागे.

आणि इतके करूनही एका घटावर कोणी विसंबत नसे. राष्ट्राचा व्होल्ट म्हणजे घटांचा एक समूह असे. त्या सर्वांची सरासरी हा खरा व्होल्ट. एखादा घट इतरांपासून ढळू लागला की बाकीचे त्याच्याविरुद्ध साक्ष देत आणि त्याला पंगतीतून उठविले जाई. पंचांमुखी परमेश्वर म्हणतात तो न्याय येथे अक्षरशः पाळला जात होता. तरीही, सगळे पंचच मिळून एका बाजूला हळूहळू सरकत असतील तर? ते आतल्या आत कळण्याचा मार्ग नव्हता. झालेही तसेच. १ जानेवारी १९४८ रोजी जुना आंतरराष्ट्रीय व्होल्ट सोडून निरपेक्ष व्होल्ट स्वीकारला गेला, आणि कालपर्यंतचा एक व्होल्ट एका रात्रीत १.०००३४ व्होल्ट झाला. हजार व्होल्टमागे एकतृतीयांश व्होल्टचा हा फरक. जगातल्या सगळ्या काट्यांचा जो गुरू, त्याचीच दुरुस्ती झाली. आणि ती लपविण्यात आली नाही. आकडा जाहीर झाला, जुन्या नोंदी त्या आकड्याने सुधारून घेता आल्या, आणि काम पुढे चालू राहिले.

*

पुलाकडे पुन्हा वळू. कार्ड्यूच्या लांब तारेची जागा पुढे एका चिमुकल्या काचेच्या फुग्याने घेतली. फुग्यातली हवा काढून घेतलेली. आत आखूड, बारीक तापतार. तिच्या मध्यावर एक सूक्ष्म मणी, आणि मण्याला टेकलेले दोन धातूंच्या तारांचे जोडटोक, म्हणजे थर्मोकपल. दोन धातूंचे जोड तापविले की वीज उत्पन्न होते हे झेबेकने १८२१ सालीच पाहिले होते. तापतारेत काही मिलिअँपिअर प्रवाह गेला की थर्मोकपल काही हजारांश व्होल्ट देते. अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेतील फ्रान्सिस हर्माक यांनी १९५२ साली या फुग्यांचा कसून अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखविले की योग्य काळजी घेतल्यास ए. सी. व डी. सी. यांची तुलना त्यांच्याकडून दहा हजारांत एक इतक्या बारकाईने करवून घेता येते.

ही काळजी कशी, ते पाहण्यासारखे आहे. थर्मोकपलचा आकडा हळूहळू सरकतो. खोली तापली, तार थोडी थकली, की तो बदलतो. उद्याचे माप आज सांगायला हे यंत्र नालायक. पण त्याच्याकडून उद्याचे मागतच नाहीत. प्रथम ए. सी. लावून आकडा लिहायचा, मग डी. सी. सुलट लावायची, मग डी. सी. उलट, आणि शेवटी पुन्हा ए. सी. दोन वाचनांमध्ये सारखाच वेळ जाऊ द्यायचा. पहिल्या आणि चौथ्या आकड्याची सरासरी एकीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्याची दुसरीकडे. यंत्र एका चालीने सरकत असेल तर ते सरकणे दोन्ही सरासऱ्यांत सारखेच शिरते आणि वजाबाकीत नाहीसे होते. सुलट आणि उलट डी. सी. अशासाठी की तारेत प्रवाहाच्या दिशेप्रमाणे उष्णता थोडी इकडे वा तिकडे झुकते. दोन्ही घेतले की तो कलही फिटतो.

या चार ओळींच्या रीतीत मला फार मोठे शहाणपण दिसते. साक्षीदार विसराळू आहे हे ठाऊक आहे. त्याला कामावरून काढलेले नाही, की त्याच्यावर आंधळा विश्वासही टाकलेला नाही. प्रश्नच असे आणि अशा क्रमाने विचारले आहेत की त्याच्या विसराळूपणाने निकाल बिघडू नये.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फ्ल्यूक कंपनीचे ५४०बी हे यंत्र याच तत्त्वावर निघाले. ए. सी.ची उष्णता आणि डी. सी.ची उष्णता समान झाली की नाही, हे त्यातला गॅल्व्हानोमीटर दाखवितो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या त्याच दशकातील ३४००ए या व्होल्टमीटरमध्ये एकाऐवजी दोन थर्मोकपल बसविलेली आहेत. एकाला बाहेरची ए. सी. तापविते, दुसऱ्याला यंत्र स्वतःच डी. सी. देऊन तितकेच तापवीत राहते, आणि ती डी. सी. काट्यावर दिसते. त्याआधीचा त्याच कंपनीचा ४००डी हा व्हॉल्व्हचा व्होल्टमीटर मात्र दुसऱ्या पंथाचा. तो ए. सी. एका दिशेला वळवून तिची सरासरी काढतो आणि तबकडीवरचे आकडे १.११ने वाढवून लिहिलेले असतात. निर्मळ हेलकाव्याला हे गणित तंतोतंत लागू पडते. पण विजेचा आकार चौकोनी असला तर तो शेकडा अकरा जास्त सांगतो, आणि त्रिकोणी असला तर जवळजवळ शेकडा चार कमी. यंत्र नादुरुस्त नसते. त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर शिकविले होते त्याहून वेगळा प्रश्न आपण विचारलेला असतो. जुने यंत्र बाळगणाराने त्याचा पंथ आधी ओळखावा, मग त्याच्या चुका मोजाव्यात.

*

अशी यंत्रे म्हातारी कशी होतात? चुंबक एक वेळ मुरते, पण आतली सगळीच मंडळी मुरत नाहीत. कार्बनचे रोध दमट हवेतले पाणी शोषून घेतात आणि त्यांची किंमत वाढत जाते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांमधला द्रव सुकतो. व्हॉल्व्ह क्षीण होतात. ३४००एमध्ये बारीक निऑन दिव्यांच्या उघडझापेवर चालणारा एक भाग आहे. ते दिवे काळवंडतात. निवडचकतीच्या संपर्कांवर कळकट थर चढतो, आणि मुंबईच्या वा कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर चढतो. याउलट मँगॅनिनच्या तारेचे चांगले वेटोळे रोध पन्नास वर्षांनीही जागचे हललेले नसतात. एकाच पेटीत कोणी मुरलेले, कोणी सडलेले, असे एकत्र कुटुंब नांदत असते.

म्हणून पडताळणी करणारा जाणता मनुष्य वैद्यासारखा नाडी पाहतो. यंत्र स्थिर उष्णतेच्या खोलीत ठेवतो; चालू करण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते पाहतो; मग तासभर त्याला तापू देतो. देणारी वीज निर्मळ आहे याची खात्री करून घेतो, कारण सरासरी काढणाऱ्या यंत्राला तिसऱ्या पटीच्या कंपनाची नुसती शेकडा एक भेसळही शेकडा एकतृतीयांशापर्यंत चकवू शकते. ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाण निदान चौपट अधिक अचूक असावे, असा या धंद्यातला दंडक आहे. मग सेकंदाला हजार कंपनांवर पूर्ण काट्याचा आकडा, मग तबकडीवरचा एकेक टप्पा, मग प्रत्येक पल्ला, आणि शेवटी तोच दाब कायम ठेवून फार मंद आणि फार जलद कंपने. सगळीकडे सारखीच चूक असेल तर मुख्य रोध किंवा आतले प्रवर्धन ढळले आहे. फक्त मंद कंपनांना चूक असेल तर कंडेन्सर सुकले आहेत. फक्त जलद कंपनांना असेल तर व्हॉल्व्ह थकला आहे किंवा आतले लहान जुळवणीचे कंडेन्सर सरकले आहेत. एकाच पल्ल्यावर असेल तर तेवढाच रोध, नाहीतर चकतीचा तेवढाच संपर्क.

आणि या सगळ्यात पेचकस मात्र खिशातच ठेवायचा. पहिला नियम असा की यंत्र जसे हाती आले तसे ते काय सांगते, हे आधी लिहून काढावे. ते खोटे बोलत असले तरी ते खोटे शब्दशः नोंदवावे. नवशिक्याला मोह होतो तो याच क्षणी. काटा शंभराऐवजी शंभरावर अर्धा दाखवतो. एक स्क्रू पिळला की तो निमूटपणे शंभरावर येतो. मग वेळ कशाला घालवा? पण तो स्क्रू पिळल्याने गेल्या वर्षभरातल्या सगळ्या मापांचा पुरावा पुसला जातो. ज्या मालाला, ज्या यंत्राला, ज्या औषधाच्या भट्टीला या काट्याच्या भरवशावर बरे वा वाईट ठरविले, त्यांचा निवाडा बरोबर झाला होता की नाही, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही. काटा सरळ झाला. हिशेब कायमचा बुडाला.

म्हणून जाणते लोक शक्यतो स्क्रूला हातच लावीत नाहीत. चूक लिहून ठेवतात आणि वापरताना तेवढी वजा करतात. समजा, एका यंत्राने शंभर व्होल्टना पहिल्या वर्षी १००.१ दाखविले, दुसऱ्या वर्षी १००.२, तिसऱ्या वर्षी १००.३. हे यंत्र चुकते, पण त्याची चाल कळली आहे. चौथ्या वर्षी ते काय सांगेल याचा अंदाज बांधता येतो, आणि त्याने तसे सांगितले तर त्याच्यावरचा विश्वास वाढतो. याच्या शेजारी कालच पेटीतून काढलेले नवे यंत्र ठेवा. ते बरोबर शंभर दाखवील. पण ते पुढच्या वर्षी काय दाखवील? त्याचे चरित्र अजून लिहिलेच गेलेले नाही. जुन्या यंत्राचा खरा ऐवज त्याच्या पेटीत नसतो, त्याच्या नोंदवहीत असतो. आणि नोंदवही हरवलेले जुने यंत्र विकत घेणाराने हे पक्के समजावे की आपण फक्त पेटी घेतली आहे, चरित्र पहिल्या पानापासून आपल्यालाच लिहावयाचे आहे.

*

ही साखळी अखेर कुठे टांगलेली आहे? १९६२ साली केंब्रिजमधल्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कागदावर एक भाकीत केले: अतिशय थंड केलेल्या दोन अतिसंवाहक धातूंच्या मध्ये अगदी पातळ पडदा असेल आणि त्यावर सूक्ष्मतरंग सोडले, तर मिळणारा दाब तरंगांच्या कंपनसंख्येवर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवरच अवलंबून राहील. धातू कोणता, कारागीर कोण, साल कोणते, याचा संबंध नाही. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर, १९७२ सालीच, अमेरिकेने आपला व्होल्ट या परिणामाला बांधून टाकला होता. १ जानेवारी १९९० रोजी सर्व जगाने त्यासाठी एकच आकडा मानला. तेव्हा अमेरिकेचा व्होल्ट दहा लाखांत सुमारे नऊ भागांनी बदलावा लागला. २० मे २०१९ रोजी ते दोन्ही स्थिरांकच कायमचे निश्चित करण्यात आले आणि व्होल्ट पुन्हा एकदा, एक कोटीत साधारण एक भाग, हलला. शून्याखाली २६९ अंश थंडीत ठेवलेल्या त्या पडद्याला म्हातारपण नाही. पण त्याचा मूळ आकडा पुन्हा डी. सी.चाच. मंद कंपनांची ए. सी. अलीकडे अशाच पडद्यांच्या माळांतून थेट घडविता येऊ लागली आहे. जलद कंपनांना मात्र आजही तो जुना उष्णतेचा पूल ओलांडावा लागतो. जूलच्या घामाची साक्ष अजून काढावी लागते.

आपल्या देशात या साखळीची वरची कडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याआधी सात महिने बसविली, आणि २१ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होण्याच्या पाच दिवस आधी, सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. दुसऱ्याच्या काट्यावर अवलंबून राहणारे राष्ट्र आपला हिशेब आपण मांडू शकत नाही, ही जाण त्या घाईगर्दीच्या वर्षांतही ठेवली गेली. मुंबईत चुनाभट्टीला १९६९ सालापासून विद्युत्‌मापन यंत्रांचीच एक संस्था आहे, आणि इतरत्रही मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत; जुन्या व्होल्टमीटरचा धनी आपले यंत्र तेथे नेऊन या साखळीत ओवून घेऊ शकतो. तेथून मिळणाऱ्या दाखल्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: यंत्र किती चुकते, आणि ही चूक सांगणारे आम्ही स्वतः किती चुकत असू शकतो. मापन शिकलेला माणूस दुसरी ओळ लिहायला कधीच विसरत नाही.

व्होल्टचा प्रमाण गुरूच गेल्या शंभर वर्षांत तीनचार वेळा दुरुस्त झाला, आणि प्रत्येक दुरुस्तीने त्याचे वजन वाढले. कारण ती उघडपणे, आकडा सांगून झाली. टेबलावरच्या जुन्या व्होल्टमीटरला निराळा कायदा नाही. तो अचूक आहे का, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याचे खरे उत्तर कोणतेच यंत्र हो असे देऊ शकणार नाही. विचारायचे ते एवढेच: तुझी शेवटची पडताळणी केव्हा झाली, कोणापुढे झाली, आणि तेव्हा तू किती चुकत होतास? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या नोंदवहीत आहेत, त्याच्या काट्याची साक्ष, पेटीचा रंग उडालेला असला तरी, खुशाल मानावी.